घरात जागं कोण असतं?

(महाडमध्ये तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता 'कुटुंबाचं आरोग्य'. त्यात बीपी आलं, शुगर आली, वजन आलं. ते सगळं तुम्ही मोबाइलवर रोज ऐकता. मी सरकारी नोकरीत नर्स होते, २०१९ ला निवृत्त झाले. त्या नोकरीत किती रात्रपाळ्या केल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही, शरीराने ठेवला आहे. म्हणून आज फक्त झोपेबद्दल बोलते.

आधी एक प्रश्न. काल रात्री तीन वाजता तुमच्या घरात कोण जागं होतं?

(थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, "मीच, मोबाइलवर." सगळे हसले. एक मुलगी म्हणाली, "अम्मी. दादीला मोरीपर्यंत न्यायला उठली होती.")

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि मला या दोन्हींबद्दल बोलायचं आहे. आधी मोबाइलवाल्याचं घेऊ, त्याला घरी रोज बोलणी बसत असणार.

माणसाच्या शरीरात एक घड्याळ असतं. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ आयुष्यभर एकाच वेळेवर लावलेलं नसतं. लहान मूल लवकर झोपतं, लवकर उठतं. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकायला लागतं आणि साधारण विसाव्या वर्षी ते सर्वांत जास्त उशिरावर असतं, मुलींचं थोडं आधी, मुलांचं थोडं नंतर. तिथून ते पुन्हा हळूहळू अलीकडे येतं. साठीनंतर तर माणूस लहानपणापेक्षाही लवकर उठतो. म्हणजे फजरला हाक मारणारी दादी आणि गोधडी डोक्यावर ओढणारा नातू यांच्यात आळस आणि शिस्त यांचं भांडण नाही. दोन घड्याळांचं आहे. दादीला वाटतं पोरगा बिघडला, पोराला वाटतं म्हातारीला झोपच नाही. दोघंही आपापल्या वयाचे आहेत, एवढंच. अर्थात रात्री दोनला रील बघण्याची परवानगी मी देत नाहीये. तुमचं घड्याळ आधीच उशिराचं, त्यात डोळ्यांवर तो उजेड मारला की ते आणखी पुढे जातं. आणि तुमच्या वयालाही सात ते नऊ तासांची झोप लागते, ती कॉलेजच्या बसपायी सकाळी कापली जाते.

आता त्या अम्मीकडे येऊ. तिथं मी जास्त वेळ थांबणार आहे.

नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं. ऐकायला छान वाटतं. पण ते सलग झोपत नाही. पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी भूक लागते, आणि पोटात असताना आईच्या शरीरावरून कळणारी रात्र बाहेर आल्यावर त्याला कळत नाही. त्याचं स्वतःचं घड्याळ चालू व्हायला दोन-तीन महिने जातात. तोवर त्याच्या दृष्टीने रात्र नावाची गोष्टच नसते. लोक म्हणतात, बाळ उलटं झोपतंय, नजर लागली, ताईत बांधा. मी ऐकून घेते आणि सांगते, ताईत ठेवा बाजूला. दिवसा बाळाला उजेडात ठेवा, रात्री दूध पाजताना मोठा दिवा लावू नका, फार बोलू नका, आणि त्याला उताणं झोपवा. बाकीचं ते स्वतः शिकतं.

आपल्याकडे एक चांगली पद्धत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर पोलादपूरकडचं. १९८६ च्या पावसाळ्यात माझा मोठा मुलगा झाला तेव्हा मी चाळीस दिवस तिथं होते. रात्री बाळ रडलं की मी पाजायचे, आणि तोंडातून सुटलं की आई त्याला माझ्या कुशीतून उचलून न्यायची. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, साडीची झोळी हलवणं, सगळं ती आणि खाला वाटून घ्यायच्या. त्या चाळीस दिवसांत मी अशक्त होते, रडतही होते, पण झोपलेली होते. मग चाळिसावा दिवस झाला, न्हाऊ-माखू घातलं, आणि मला महाडला आणून सोडलं. बाळ तेच, भूक तीच, फक्त उचलून नेणारे हात गेले. माझे पती तेव्हा कुवेतला. पत्रं यायची, कधी कॅसेट यायची. कॅसेटमध्ये ते विचारायचे, "बाळ रात्री त्रास देतो का?" मी उत्तराच्या कॅसेटमध्ये सांगायचे, "नाही, शहाणा आहे." बाजूला सासू-सासरे बसलेले असायचे, दुसरं काय सांगणार?

मला नेहमी वाटतं, ही चाळीस दिवसांची रीत ज्यांनी घातली त्यांना झोपेचं शास्त्र कळत होतं. फक्त त्यांनी हिशेब चुकवला. जर्मनीत साडेचार हजारांहून जास्त आई-बापांच्या झोपेची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेली होती, त्यावरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रोज सुमारे एक तासाने कमी झालेली होती, बापाची साधारण पंधरा मिनिटांनी. इथपर्यंत नवल नाही. पण मूल चार ते सहा वर्षांचं झाल्यावरही आई-बापांची झोप आधीच्या पातळीवर परत आलेली नव्हती. चाळीस दिवस कुठे आणि सहा वर्षं कुठे! तेही जर्मनीत, जिथं बापालाही पगारी रजा मिळते. आपल्याकडे २०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची. खासगी कंपनीवर बापाला रजा देण्याचं काही बंधन नाही. आपल्या एमआयडीसीत कंत्राटावर रात्रपाळी करणारा पोरगा मूल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी कामावर असतो. मग तो दिवसा झोपतो आणि सून बाळाला घेऊन ओट्यावर बसते, कारण 'त्याची झोप मोडेल'.

त्याची झोप मोडू नये हे बरोबरच आहे, तो मशीनसमोर उभा राहणार आहे. पण तिची झोप मोडली तर काय होतं हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही.

आता रमजान. यावर बोललं की काहींना राग येतो, पण मी आपल्याच घरातलं बोलतेय. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजा माफ आहे, नंतर सवडीने ठेवता येतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिला सेहरी माफ आहे का? रोजा माफ, पण भाकऱ्या माफ नाहीत. तरावीह होऊन पुरुष परत येतात, जेवणं होतात, भांडी होतात, बारा वाजतात. एकला बाळ उठतं. सेहरीच्या तासभर आधी तिला उठायचं. सगळे नमाज पढून परत आडवे होतात तेव्हा बाळ पुन्हा उठतं. मी प्रसूतीनंतरच्या तपासणीत अशा मुली पाहिल्या आहेत. बीपी घेता घेता त्या स्टुलावर बसल्या जागी झोपी जायच्या. रात्रीचं जेवण झाकून ठेवून सेहरीला गरम करणं हे काम सोळा वर्षांच्या मुलाला जमतं. मी माझ्या धाकट्याला शिकवलं तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. बाळंतीण दमलेली असते, संधी मिळाली की झोपते, हे ठीक. पण बाळ झोपलंय, दुसऱ्या कुणी त्याला घेतलंय, आणि तरीही तिला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मनात वाईट विचार येतात, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं असेल तर ते दमणं नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. बहिणीसाठी, वहिनीसाठी तो मोबाइलमध्ये ठेवा.

आता थोडं मागे जाते. आपल्या महाड-पोलादपूरच्या गावागावांतून लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले. पुरुष गेले, काही बायकाही गेल्या. १९२० च्या दशकात गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सरकारने एक डॉक्टर बाई नेमल्या होत्या. त्यांनी नोंदवून ठेवलं आहे की या बायकांच्या जवळपास सगळ्या तान्ह्या बाळांना अफूची गोळी दिली जायची. आई कामावर, घरात कुणी नाही, बाळ रडता कामा नये. म्हणून त्याला झोपवून ठेवायचं. माझी नानी त्या गोळीबद्दल बोलायची, आणि ती हे सांगताना त्या आयांना नावं ठेवायची नाही. म्हणायची, "दहा तास साच्यावर उभी राहणारी बाई काय करेल?"

ही गोष्ट तुम्हाला का सांगते? कारण शंभर वर्षांनी मी स्वतः तेच केलं. बाळाला नाही, सासूबाईंना.

२०२० चं लॉकडाऊन होतं. मोठा मुलगा कुवेतमध्ये अडकलेला, तोही बापासारखाच तिकडे गेला. इकडे सून बाळंतीण. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. रात्री आठला त्यांचे डोळे मिटायचे आणि दोन वाजता त्या टक्क जाग्या. मग मोरीत जाणार, वजू करणार, बादली आपटणार, दाराची कडी लागली का बघणार. इतक्यात बाळ उठायचं. माझं असं झालं की एका घरात दोन जागी माणसं मला झेपत नाहीत, निदान एक तरी झोपू दे. बाळाला तर झोपवता येत नव्हतं. मी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला आणि सासूबाईंसाठी झोपेची गोळी मागून घेतली. त्यांनी दिली. त्यांना दोष देत नाही, मागणारी मी होते आणि मी नर्स होते. पासष्टीच्या पुढच्या माणसाला या गोळ्यांनी तोल जातो, पडायची भीती असते, हे मी स्वतः वॉर्डात नातेवाइकांना सांगितलेलं होतं.

बाराव्या रात्री त्या मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या. मनगट मोडलं. खुबा मोडला नाही, हे नशीब. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करून बंद केली. ती एकदम बंद करायची नसते, हेही लक्षात ठेवा. त्यांनी मला एक साधी गोष्ट विचारली, "त्या रात्री आठला झोपतात आणि दोनला उठतात, दुपारी दोन तास झोपतात. किती झाले?" मी मोजले. आठ. म्हाताऱ्या माणसाला सात ते आठ तास पुरतात. म्हणजे सासूबाईंना निद्रानाश नव्हताच. त्यांची झोप पूर्ण होत होती, फक्त आमच्या वेळेला होत नव्हती.

वय वाढलं की झोपेचं काय होतं ते थोडक्यात सांगते. गाढ झोपेचा वाटा तरुणपण संपता संपताच कमी व्हायला लागतो. म्हातारपणी झोप उथळ होते, मधे मधे तुटते, रात्री लघवीला उठावं लागतं. बायकांच्या बाबतीत मधे पाळी जाण्याची वर्षं येतात. पन्नाशीत मी रात्री तीनला घामाने चिंब होऊन उठायचे, पंखा पाचवर, आणि पती थंडीने कुडकुडत. कुणाला सांगायची सोय नव्हती. नर्स असून मला वाटलं, मला टीबी झालाय! तुमच्या आया आता त्या वयात आहेत. आई रात्री उठून खिडकीत बसते, सकाळी चिडचिड करते, तर तिच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही. तिला डॉक्टरकडे न्या, आणि सोबत गाडीवर सोडून येऊ नका, आत जा.

सगळंच वयावर ढकलू नये हेही सांगते. अब्बा जोरात घोरतात, मधे श्वास थांबतो, मग दचकून उठतात, दिवसा गाडी चालवताना पेंगतात, तर तपासणी करायला हवी. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्या पुरुषाची शुगर आणि प्रोस्टेट बघायला हवं. बीपीच्या गोळ्यांत काही लघवी वाढवणाऱ्या असतात. ती संध्याकाळी घेत असतील तर सकाळी चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारलं तरी कित्येकांची रात्र सुधारते. दुपारची झोप, आपण जिला कैलुला म्हणतो, ती वीस-तीस मिनिटांची असेल तर उत्तम. दोन तासांची असेल तर ती रात्रीतून वजा होते. आणि म्हाताऱ्यांना सकाळचं ऊन द्या. आपल्या बाजारातल्या घरांत मागच्या खोलीत दिवसभर ट्यूबलाइट असते, त्यांच्या घड्याळाला दिवस कधी झाला हेच कळत नाही.

आता पुराचं सांगते. इथं बसलेल्या प्रत्येकाकडे जुलै २०२१ ची आपली आपली गोष्ट आहे. मी माझी सांगते.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. त्यामुळे आमच्याकडे पद्धत अशी की वर पाणी वाढलं की पोलादपूरहून माझ्या भावाचा फोन येतो, "सामान उचला." त्या रात्री फोनच लागत नव्हता. आम्ही वरच्या मजल्यावर, सासूबाई खाली, कारण मनगट मोडल्यापासून त्यांना जिन्याची भीती बसली होती. रात्री त्यांनी मला हाक मारली. मी खाली आले. म्हणाल्या, "मोरीतून पाणी उलटं येतंय, गुडगुड ऐक." मी मोरीत बॅटरी मारली, काही दिसलं नाही. मी म्हटलं, "झोपा हो तुम्ही, कुणाचा पंप चालू असेल." आणि वर जाऊन झोपले.

अर्ध्या तासाने त्या पातेल्यावर काठी मारत होत्या. मोरी भरून पाणी स्वयंपाकघरात आलं होतं. सासूबाईंना दोघींनी उचलून वर नेलं, मग कागदपत्रं, सिलिंडर, बाळाचं दूध. तांदूळ, फ्रिज, वॉशिंग मशीन गेलं. मी पहिल्या हाकेला ऐकलं असतं तर तांदूळ तरी वाचला असता, हे त्या मरेपर्यंत ऐकवत होत्या. २०२३ ला गेल्या. गोळी चालू असती तर त्या खाली पाण्यात गाढ झोपलेल्या असत्या, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

नंतर मी एका अभ्यासाबद्दल वाचलं. टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत, अजून शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारे. संशोधकांनी त्यांच्यातल्या तेहतीस मोठ्या माणसांच्या मनगटावर वीस दिवस यंत्रं बांधली. या सगळ्या काळात सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले आहेत असा वेळ किती असेल? एकूण अठरा मिनिटं. तरुण उशिरा झोपतात, म्हातारे लवकर उठतात, कुणी ना कुणी जागं राहतं. पहारा कुणी नेमलेला नाही, वयानेच पाळ्या वाटल्या आहेत. संशोधकांचा अंदाज असा की म्हातारपणीची तुटक झोप ही माणसाच्या जातीला उपयोगी पडलेली गोष्ट असावी. तो अंदाज आहे, मी तो कायदा म्हणून सांगत नाही. पण दासगाव, जुई, तळिये, साखर सुतारवाडी ही नावं ज्याला माहीत आहेत त्या मुलखाच्या माणसाला तो पटायला जड जात नाही.

म्हणून सुरुवातीला तो प्रश्न विचारला होता. घरात रात्री कुणीतरी जागं असणारच. बाळ आहे म्हणून, म्हातारं माणूस आहे म्हणून, पाऊस आहे म्हणून. प्रश्न पाळीचा आहे. दिवसपाळी, रात्रपाळी, सुट्टी, हे आम्ही वॉर्डात लिहून भिंतीवर लावायचो. घरात एकाच बाईची दिवसपाळी आणि रात्रपाळी असते आणि तिला सुट्टी नसते. तुमच्यातल्या ज्यांना उशिरापर्यंत झोप येत नाही, त्यांनी रात्री बारापर्यंत बाळ सांभाळावं. तुम्ही जागेच असता! पहाटे माझ्यासारखी म्हातारी असतेच. मधे आईला चार-पाच तास सलग मिळाले तरी ती दुसऱ्या दिवशी माणसात असते.

गेल्या वर्षी मला दुसरी नात झाली. यावेळी मुलगा दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आला होता. नाहीतर त्याचं बाळ सांभाळणं व्हिडिओ कॉलवर. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तो काम आटोपून साडेदहाला फोन करणार तेव्हा इकडे रात्रीचा एक, आणि सून त्या फोनसाठी डोळे ताणून बसलेली. ते आधी बंद करायला लावलं. आता तो सकाळी ड्युटीवर निघताना फोन करतो, तेव्हा बाळही जागं असतं आणि मीही.

तर तो आल्यावर ठरलं की दोननंतरची पाळी त्याची. काढलेलं दूध वाटीत झाकून ठेवलेलं, चमचा शेजारी. पहिल्या रात्री तीनला नात रडायला लागली. मी जागीच होते, नेहमीसारखी. पाय जमिनीवर ठेवले, आणि तशीच पलंगावर बसून राहिले. सून उठायला लागली असावी, बांगड्या वाजल्या. मग मुलाचा आवाज आला, "झोप तू." तो उठायला चार मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून सांगते. त्याने दिवा लावला, नको होता लावायला, दुपटं उलटं गुंडाळलं, आणि एक वाटी पडल्याचा आवाज आला. मी तरीही उठले नाही.

आता तुम्ही विचारा, काय विचारायचं ते.